फादर आपल्याकडे किती वर्षे राहावेत?



उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी दुसरी मिस्सा संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवर एक कागद फिरत होता. ‘आमच्या फादरांची बदली रद्द करावी’ असे वर लिहिलेले आणि खाली सह्या. तो महागुरुस्वामींना पाठवायचा होता. ही पत्रिका काढणारे आम्ही चौघे तिथेच उभे होतो. खरे सांगायचे तर आम्हीही सही केली. दोन दिवसांनी कानावर आले की एका घराने सही केली नाही म्हणून शेजारच्या घराने त्यांच्याशी बोलणे सोडले आहे. तेव्हा मात्र आम्हाला वाटले की सही करण्याआधी जे वाचायला हवे होते, ते निदान आता तरी वाचावे. त्या वाचनातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

पहिल्यांदा पवित्र शास्त्र. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात संत पौलाचे मुक्काम मोजले तर एकही दुसऱ्यासारखा नाही. थेस्सलनीका येथे त्याने तीन शब्बाथ सभास्थानात वादविवाद केल्याचे लिहिले आहे, आणि थोड्याच काळात त्याला रातोरात तिथून निघावे लागले. करिंथमध्ये तो दीड वर्ष राहिला. इफिसमध्ये सुमारे तीन वर्षे. म्हणजे ‘इतकी वर्षे’ असा आकडा शास्त्रात शोधू गेलो तर सापडत नाही. पण आपल्या कागदासारखा कागद मात्र सापडतो! पौल इफिसला पहिल्यांदा गेला तेव्हा तेथील लोकांनी त्याला आणखी काही दिवस राहण्याची विनंती केली. त्याने ती मान्य केली नाही. देवाची इच्छा असेल तर पुन्हा येईन, असे सांगून तो निघाला (प्रे. कृ. १८:२०-२१). पुढे तो आला आणि दीर्घकाळ राहिलाही. शेवटी मिलेत येथे इफिसच्या वडीलजनांचा त्याने निरोप घेतला, तेव्हा ती मोठी माणसे त्याच्या गळ्यात पडून रडली. त्याचे तोंड पुन्हा दिसणार नाही, याचे त्यांना सर्वांत जास्त दुःख झाले होते. तरी त्यांनी त्याला अडवले नाही. तारवापर्यंत त्याला पोचवायला ती गेली (प्रे. कृ. २०:३६-३८). आपल्याकडे एस. टी. स्टँडपर्यंत पोचवायला जातात, तसेच ते.

दुसरी बाजूही पौलानेच दाखवली आहे. करिंथची मंडळी ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसचा’, ‘मी केफाचा’ असे म्हणू लागली, तेव्हा त्याने त्यांना कडक शब्दांत लिहिले. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, पण वाढवणारा देव, असे त्याचे म्हणणे. शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता ख्रिस्तसभेचा इतिहास. आम्हाला वाटत होते की बदली ही जुनी शिस्त असेल आणि एकाच जागी राहणे ही अलीकडची सवलत असेल. निघाले उलटे. इ. स. ३२५ मध्ये निकेया येथे भरलेल्या परिषदेने बिशप, धर्मगुरू आणि उपधर्मगुरू यांना एका नगरातून दुसऱ्या नगरात जाण्यास मनाई केली. कारण असे की मोठ्या, श्रीमंत शहराकडे जाण्याची चढाओढ लागली होती आणि त्यातून भांडणे होत होती. पुढे सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेला धर्मगुरूंनी आपल्या लोकांमध्येच राहावे, असे पुन्हा बजावून सांगावे लागले, कारण काही जण उत्पन्न एका ठिकाणचे घेत आणि राहत दुसरीकडे. १९१७ च्या कायद्यात तर ज्यांना सहसा हलवता येत नाही असे आणि ज्यांना हलवता येते असे, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे दोन प्रकारच होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हा भेद काढून टाकला आणि धर्मगुरूच्या स्थैर्याला एकच माप लावले: लोकांच्या आत्म्यांचे हित.

आज लागू असलेली धर्मसंहिता १९८३ ची आहे. तिच्या ५२२ व्या कलमाचा आशय असा, की प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य हवे, म्हणून त्याची नेमणूक मुदत न घालता करावी. ठरावीक मुदतीसाठी नेमायचे असेल तर त्या देशाच्या बिशप परिषदेने तशी परवानगी दिलेली असावी लागते. अमेरिकेतील बिशप परिषदेने १९८४ साली सहा वर्षांची आणि पुन्हा वाढवता येणारी मुदत ठेवण्यास परवानगी दिली. २०२० साली रोमहून धर्मग्रामांविषयी जी सूचनापत्रिका निघाली, तिच्यात बिशप परिषदांना सांगितले आहे की अशी मुदत ठेवायची तर ती पाच वर्षांपेक्षा कमी ठेवू नये, कारण लोकांशी खरे नाते जुळायला वेळ लागतो. त्याच पत्रिकेत असेही आहे की मुदत नसलेल्या धर्मगुरूनेही बदलीची मनाची तयारी ठेवावी. वयाची ७५ वर्षे पूर्ण झाल्यावर प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यावा, असे संहिता सांगते. तो कधी स्वीकारायचा हे बिशप ठरवतात.

बदलीची प्रक्रियाही आम्ही पहिल्यांदाच वाचली. बिशपांनी बदली सुचवली आणि धर्मगुरूला ती योग्य वाटली नाही, तर त्याने आपली कारणे लेखी कळवायची असतात. त्यावर बिशपांनी दोन धर्मगुरूंशी विचारविनिमय करायचा असतो आणि मग निर्णय घ्यायचा असतो. धर्मसंघाचे फादर असतील तर त्यांच्या वरिष्ठांचाही त्यात भाग असतो. मग ज्या ओळीने आम्हाला थांबवले ती वाचली. संहितेत एकूण १७५२ कलमे आहेत. त्यांतील शेवटच्या कलमात म्हटले आहे की आत्म्यांचे तारण हाच ख्रिस्तसभेत सर्वोच्च नियम असला पाहिजे. हे वाक्य अनेकांनी प्रवचनात ऐकले असेल. पण ते नेमके कुठे आले आहे? प्रमुख धर्मगुरूच्या बदलीच्या प्रकरणात! म्हणजे संहितेचा शेवटचा शब्द आपल्याच प्रश्नावरचा आहे.

मोठ्या मुक्कामाचे उदाहरण म्हटले की आर्सचे संत जॉन व्हियान्नी आठवतात. १८१८ साली ते अडीचशेच्या आतबाहेर वस्तीच्या त्या खेड्यात आले आणि १८५९ साली तिथेच वारले. एकेचाळीस वर्षे! पण एक गोष्ट आपण प्रवचनात क्वचित ऐकतो. ते स्वतः तिथून जाऊ पाहत होते. एकांतात प्रार्थना करण्यासाठी त्यांनी एकापेक्षा जास्त वेळा गाव सोडण्याचा प्रयत्न केला आणि लोकांनी त्यांना अडवले. लोकांचे त्यात भले झाले. त्या थकलेल्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आपल्या फादरांबद्दल तरी आम्ही तो कुठे विचारला होता?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. अहिल्यानगर जिल्ह्यात (जुने नाव अहमदनगर) आपली मंडळी जर्मन आणि स्विस येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातून वाढली. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने जर्मन मिशनऱ्यांना नजरकैदेत टाकले आणि परत पाठवले. मुंबई-पुणे मिशनचे कितीतरी फादर त्या दोन-तीन वर्षांत एकदम गेले. निरोप नाही, कारभार सोपवणे नाही. लोक मात्र जागेवर राहिले, शाळा राहिल्या, आणि श्रद्धा आपल्यापर्यंत पोचली. फादर हेन्री डोरिंग यांचेही तसेच. त्यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले, मधली काही वर्षे जपानमध्ये हिरोशिमाला नेमले गेले आणि १९२७ साली पुन्हा पुण्याला आले. संपादक गेले, मासिकाने मात्र शंभरी ओलांडली. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपण सारे जातो. तिथे आजवर किती फादर झाले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

दुसऱ्या बाजूला फादर हर्मन बाखर. ते १९४८ साली भारतात आले. आपल्या जिल्ह्यात त्यांनी सोशल सेंटर उभे केले, पाणलोटाची कामे केली आणि १९९३ साली ‘वॉटर’ या संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. २०२१ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. ओसाड डोंगरउतारावर चर खणून, झाडे लावून विहिरीला पाणी यायला वर्षे लागतात. दोन-तीन वर्षांत गाठोडे बांधणाऱ्याकडून ते होत नाही. पण हेही लक्षात घ्यावे की ते एका खुर्चीला धरून बसले नव्हते. मुलूख तोच होता, काम आणि जागा बदलत होती. आपल्या शेजारच्या प्रॉटेस्टंट बांधवांमध्ये रेव्ह. रॉबर्ट ह्यूम यांनी १८७४ पासून पन्नासएक वर्षे नगरला सेवा केली, तेही याच जातीचे उदाहरण.

बिशपांच्या बाबतीतही आपण दोन्ही पाहिले आहे. नाशिक धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी स्थापन झाला. पहिले महागुरुस्वामी थॉमस भालेराव यांनी २००७ पर्यंत वीस वर्षे तो सांभाळला. त्यांच्यानंतर २००८ साली आलेले फेलिक्स मच्याडो स्वामी २००९ च्या नोव्हेंबरात वसईला नेमले गेले, आणि पुढच्या वर्षी लुर्डस डॅनियल स्वामींची नेमणूक होईपर्यंत वर्षभर जागा रिकामी होती. त्या वेळी काय जाणवले ते मोठ्यांना विचारावे.

मग आपल्या धर्मग्रामाचे काय? आम्ही साधा हिशोब मांडला. मुख्य मंदिर सोडून आपल्याकडे वाड्या-वस्त्यांवरची उपकेंद्रे आहेत. एका वस्तीवर फादर महिन्यातून एकदा पोचतात असे धरले, तरी अडीच वर्षांत तीस भेटी होतात. त्यांतून पावसाळ्यात गाडी न जाणारे महिने, पवित्र सप्ताह आणि नाताळ वजा करा. शिवाय ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, ती अक्षय तृतीयेच्या आसपास परततात. त्या घरांशी फादरांची ओळख वर्षातले निम्मेच दिवस होते. पहिल्या वर्षी रस्ते कळतात, दुसऱ्या वर्षी कोण कोणाचे मेहुणे-साडू आणि कोणाचे कोणाशी बांधावरून वैर आहे ते कळते. नवरा दारू सोडायला तयार होतो किंवा माहेरी बसलेली लेक परत नांदायला जाते, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी, कारण तोवर त्या घराचा फादरांवर विश्वास बसलेला असतो. म्हणून पाच वर्षांच्या आत बदली होऊ नये, ती झाली तर सबळ कारण असावे, असे आमचे मत झाले आहे. खेड्यातल्या धर्मग्रामाला सहा-सात वर्षे बरी.

पण दहा-बारा वर्षे झाली की काय होते, तेही आपण पाहिले आहे, इथे नाही तर आपल्या नातेवाइकांच्या गावी. ‘फादरांची माणसे’ तयार होतात. कपाटाच्या किल्ल्या त्याच दोन खिशांत फिरतात. परिषदेच्या बैठकीत कोणी प्रश्न विचारला तर तो फादरांचा विरोधक ठरतो. मुलांनी एकच आवाज ऐकलेला असतो, आणि ज्याचे त्या फादरांशी एकदा बिनसले, त्याने दहा वर्षे पापनिवेदन केलेले नसते. नवे फादर येणे ही त्या माणसासाठी मंदिराचे दार पुन्हा उघडण्याची संधी असते. आमच्या सहीने आम्ही त्याचाही मार्ग बंद करत होतो, हे आम्हाला उशिरा सुचले.

आपल्या फादरांना येत्या जूनमध्ये सात वर्षे होतील. गेल्या आठवड्यात आम्ही त्यांना भेटलो आणि विचारले, “फादर, तुम्हाला काय वाटते?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “इतके दिवस हे कोणी मला विचारलेच नाही.” पुढचे बोलणे छापण्यासाठी नव्हते. इतकेच सांगतो की गुडघेदुखीने त्यांना मोटारसायकल चालवता येत नाही, हे आम्ही रोज पाहत होतो आणि तरी पाहिले नव्हते.

तो अर्ज अजून पाठवलेला नाही. आम्ही आमच्या सह्या त्यावरून काढून घेतल्या आहेत. ज्यांना त्यावर ठाम राहायचे असेल त्यांनी जरूर राहावे. आपले म्हणणे नम्रपणे धर्माधिकाऱ्यांपुढे मांडणे हा भाविकांचा हक्क आहे आणि त्यावरून कोणी कोणाशी बोलणे सोडू नये. आम्ही दुसरा कागद लिहिला आहे. त्यात बदली रद्द करण्याची मागणी नाही. तीन विनंत्या आहेत. बदली पुनरुत्थान सणानंतर लगेच न करता मे महिन्याच्या अखेरीस व्हावी, म्हणजे ऊसतोडीची कुटुंबे परतून फादरांना भेटतील. जुने आणि नवे फादर निदान एक आठवडा बरोबर राहावेत आणि दोघांनी मिळून सर्व उपकेंद्रांना भेट द्यावी. आणि अर्धवट राहिलेल्या सभागृहाचा हिशोब जाण्याआधी धर्मग्राम परिषदेपुढे वाचला जावा.

कागद मिशन ऑफिसात मास्तरांकडे ठेवला आहे. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बैठक आहे. प्रत्येक वस्तीवरून एकाने आजारी, अंथरुणाला खिळलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या माणसांची नावे लिहून आणावीत. ती वही नव्या फादरांच्या हाती द्यायची आहे. ज्यांच्याकडे मंदिराच्या किंवा शाळेच्या किल्ल्या असतील, त्यांनी त्या सोबत आणाव्यात.