कपात कुठून सुरू करावी



दैनिकाच्या अंकाची किंमत सहसा त्याच्या खर्चापेक्षा कमी असते. या किमतीतूनच विक्रेत्याचे कमिशन जाते आणि उरलेली तूट जाहिरातींनी भरून काढायची असते. त्यामुळे जाहिरात न वाढता खप वाढला, तर तोटाही वाढतो.

किंमत आणि पाने यांचा हा हिशेब पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. किती किमतीला किती पाने द्यायची हे ठरवणारा १९६० चा सरकारी आदेश १९६१ मध्ये घटनाबाह्य ठरला. अंकावरची दहा पानांची सरकारी मर्यादा १९७२ च्या दुसऱ्या एका निकालाने गेली. आज किंमत आणि पाने हे दोन्ही निर्णय व्यवस्थापनाचे आहेत. कागदाचा भाव मात्र त्याच्या हाती नाही. भारतात वृत्तपत्री कागदाचा मोठा हिस्सा आयात होतो. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्यावर १० टक्के सीमाशुल्क बसले, पुढच्या वर्षी ते ५ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने पुरवठाच विस्कळीत केला.

म्हणून कपातीची सुरुवात छपाईपासून करावी. यंत्र सुरू झाल्यावर रंग जुळेपर्यंत वाया जाणारे अंक, रिळाच्या शेवटी उरणारा कागद आणि न विकता परत येणारे गठ्ठे यांची नोंद आवृत्तीनिहाय रोज ठेवावी. हलका कागद घेतल्यास पैसे वाचतात, पण शाई मागच्या बाजूला उमटते आणि छपाई चालू असताना कागद तुटतो. मोकळ्या वेळात यंत्रावर बाहेरची छपाई घेणे त्यापेक्षा बरे.

प्रत्यक्षात पहिली कुऱ्हाड तालुक्याच्या वार्ताहरावर पडते. त्याचे मानधन मुळातच तुटपुंजे, त्यामुळे बचत किरकोळ होते आणि अंकातून गावच नाहीसे होते. त्यालाच वर्धापनदिन पुरवणीच्या जाहिराती गोळा करायला लावण्याची पद्धत तर त्याहून वाईट: ज्याची बातमी द्यायची त्याच्याच दारात तो पावतीपुस्तक घेऊन उभा राहतो. पत्रकार व वृत्तपत्र कर्मचाऱ्यांसाठीच्या मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये उचलून धरल्या. त्यानंतर कंत्राटी नेमणुकांकडे कल वाढला. या नेमणुका आज स्वस्त वाटल्या, तरी त्यातून उद्भवणारे कज्जे वर्षानुवर्षे चालतात.

वसुलीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सरकारी जाहिरातींची बिले महिनोन्‌महिने अडकतात, कागदवाल्याला मात्र वेळेवर पैसे लागतात. जाहिरात विभागाचे लक्ष्य छापलेल्या जाहिरातींवर न ठरवता जमा झालेल्या रकमेवर ठरवावे.

— काका