कोल्हेकुई ऐकायला कुठे उभं राहायचं? (परिसर अभ्यास, इयत्ता ४ थी-५ वी)



आपल्या परिसरातले प्राणी शिकवताना मी मुलांना घरचा अभ्यास दिला होता: रात्री कोणकोणते आवाज ऐकू येतात ते लिहून आणा. सेलू तालुक्यातलं आमचं गाव उंचवट्यावर आहे. बहुतेकांनी कुत्रा, टिटवी, घुबड, मोटारपंप असं लिहिलं. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या एका मुलीने लिहिलं, "रोज कोल्हे." गावात कोणालाच ऐकू येत नाहीत, मग हिलाच कसे? मी लाल पेनाने शेरा मारला, "कुत्रे असतील." ती हळूच म्हणाली, "नाही जी मॅडम, कोल्हेच वरडते." मी ऐकलं नाही.

आठवड्याभराने काही कामासाठी तिच्या घरी गेले. दिवेलागणीला अंगणात चहा घेत होतो आणि नाल्याच्या झुडपांतून एक लांब हेल आला. त्यावर दुसरा, तिसरा, मग नुसता कल्लोळ. मुलगी माझ्याकडे बघून काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी तो शेरा खोडला आणि हा पाठ नव्याने आखला.

अमेरिकेत कोयोट नावाचा प्राणी आहे, आपल्या कोल्ह्याचा चुलतभाऊच. तिथले शिकारी जखमी सशासारखी किंकाळी काढून त्याला जवळ बोलावतात. मोकळ्या मैदानात ते मोठा आवाज काढतात, कारण प्राणी दूरवर असू शकतो. दाट झुडपात हळू आवाजाने सुरुवात करतात, कारण तो अगदी जवळही असू शकतो. शिवाय वारा आपला वास त्याच्याकडे नेणार नाही अशा बेताने बसतात. आपल्याला शिकार करायची नाही, कायद्यानेही करता येत नाही. पण जमीन बदलली की पद्धत बदलायची, ही त्यांची अक्कल ऐकण्यासाठी जरूर उसनी घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात सगळ्या प्रकारची जमीन आहे. हिंगणघाट-समुद्रपूरकडे सपाट काळं रान. तिथे आवाजाला अडथळा नसतो, म्हणून वारा फार महत्त्वाचा. वारा कोल्ह्याकडून आपल्याकडे असेल तर आवाज लांबून येतो. उलटा असेल तर बराच जवळचा आवाजही वरून निघून जातो. म्हणून वहीत सगळ्यात आधी वाऱ्याची दिशा लिहायची. मूठभर माती सोडून पाहिली की कळते. वारा कानात घुमत असेल तर घराच्या भिंतीचा आडोसा घ्यायचा.

नाला, लवण, पांदण इथे गोष्ट वेगळी. खाली ओरडणाऱ्याचा आवाज काठाला, चढाला अडतो. नाल्याच्या रेषेत तो छान ऐकू येतो, उंचवट्यापलीकडे मात्र दबतो. आमच्या गावाचं नेमकं हेच झालं होतं! अशा ठिकाणी नाल्याच्या बाजूचं घर निवडा, जमलं तर स्लॅबवरून ऐका. थंडीतल्या निरभ्र, शांत रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि वर जाणारा आवाज पुन्हा खाली वाकतो. म्हणून दिवसा न पोहोचणारा आवाज पहाटे घरात येतो. एकाच जागी संध्याकाळी आणि पहाटे, दोन्ही वेळा ऐकायचं ते यासाठीच.

उत्तरेला आर्वी, आष्टी, कारंजा आणि आमच्याकडे बोरचा भाग (२०१४ पासून व्याघ्र प्रकल्प) डोंगराळ, सागाचा. इथे टेकडीवरून प्रतिध्वनी येतो आणि दिशा हमखास चुकते. पावसाळ्यात सागाची रुंद पानं आवाज दाबतात, बारीक सूर आधी हरवतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळ झाली की तोच आवाज मोकळा येतो. अशा गावात दोन वेगळ्या घरांतल्या मुलांनी एकाच वेळी ऐकून दिशा ताडून पाहावी. आणि "दहा-बारा कोल्हे होते" यावर लगेच विश्वास ठेवू नका. सूर इतक्या भराभर बदलतात की दोन-तीन कोल्हेही टोळी वाटतात.

मुलांचं चित्र तपासायला विसरू नका. द्राक्षांच्या गोष्टीमुळे बरीच मुलं लालभडक, झुपकेदार शेपटीचा प्राणी काढतात. आपला कोल्हा करड्या-पिवळसर रंगाचा. खोकड वेगळा, कोल्ह्याहून लहान.

एका पालकांनी विचारलं, मोबाईलवर कोल्हेकुई लावून उत्तर मिळवलं तर? संशोधक तसं करतात, ग्रीस-हंगेरीत कोल्ह्यांची मोजणी अशीच झाली आहे. पण ते परवानगी घेऊन, ठरावीक पद्धतीने. आपण लावू नये. त्याच्या हद्दीत परका शिरला असं त्याला वाटतं, आणि पिल्लं असतील तर उगाच धावपळ होते.

मुलांना शेतात पाठवायचं नाही, हे पालकांनी पक्कं लक्षात ठेवा. रानडुक्कर, साप, आणि कुंपणात सोडलेला करंट, यांतलं काहीही जिवावर बेतू शकतं. अंगणात, मोठ्यांसोबत, २० मिनिटं पुरे.

वहीत रकाने पाच: तारीख-वेळ, जागा (सपाट, नाला की टेकडी), वारा, काय ऐकलं, कोणत्या दिशेने. काहीच ऐकू आलं नाही तर "कोल्हा नाही" असं लिहायचं नाही. "या जागेवरून ऐकू आला नाही" असं लिहायचं. हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं तेव्हा ती मुलगी पहिल्या बाकावर होती. तिने ते उतरवून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, मंग तुमच्या घरून कोणाचं ऐकू येत नाही?"