गोळ्यांचाही हिशोब ठेवूया



गटाचा पैशापैशाचा हिशोब आपण लिहितो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्यांचा हिशोब कोण ठेवतं?

आषाढी एकादशीनंतरच्या बैठकीत एक ताई सांगत होत्या, "मॅडम, उपवास असून सासूबाईंनी शुगरची गोळी घेतली. घेतलेली आठवली नाही, म्हणून परत एक घेतली. दुपारी घामाघूम झाल्या, हातपाय थरथरायला लागले." ताईंनी लगेच साखरेचं पाणी पाजलं, १०८ ला फोन केला. सासूबाई वाचल्या. पण गोळ्यांकडे कुणी बघायचं, हे त्या घरात ठरलेलंच नव्हतं. आपल्याकडे ठरलंय का?

१) स्वतः घेऊ शकतात का?
तीन गोष्टी बघा. गोळी ओळखता येते का? कधी आणि किती घ्यायची ते सांगता येतं का? पाकिटातून काढता येते का? तिन्हींना 'हो' असेल तर त्यांची त्यांना घेऊ द्या, त्यात त्यांचा मान आहे. एकाला जरी 'नाही' आलं, तर घरातल्या एकाच माणसाने जबाबदारी घ्यायची. दोघांनी दिल्या की गोळी दोनदा जाते. मोठ्या आजारपणानंतर किंवा विसरभोळेपणा वाढला की परत तपासा.

२) ठेवायच्या कुठे?
चुलीजवळ, खिडकीत, न्हाणीत नको. कोरड्या जागी, झाकणाच्या डब्यात, नातवंडांचा हात पोचणार नाही तिथे ठेवा. फवारणीच्या औषधाशेजारी तर कधीच नको. प्रत्येकाचा डबा वेगळा. गोळ्या पाकिटातून काढून पुडीत बांधू नका. नाव आणि मुदत पाकिटावरच असते. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात नको. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही.

३) घेताना
गोळी घेतली की लगेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. वाचता येत नसेल तर पाकिटावर सकाळसाठी सूर्य, रात्रीसाठी चंद्र काढा. एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. शुगरची गोळी चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. चक्कर, घाम, थरथर सुरू झाली तर साखर द्या. पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

४) नाव वेगळं, गोळी तीच
दोन कंपन्यांच्या पाकिटांवर मोठं नाव वेगळं, पण आतलं औषध एकच असू शकतं. दोन्ही चालू राहिली तर डोस दुप्पट होतो. दवाखान्यात जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या. शेजारणीची गोळी 'मला पण लागू पडेल' म्हणून घेऊ नका.

या महिन्याचं काम: आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. पुढच्या बैठकीआधी प्रत्येकीने घरातला डबा उघडून मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढायच्या, आणि 'आमच्या घरी गोळ्यांची जबाबदारी कुणाची' हे बैठकीत सांगायचं. शंका असेल तर आशाताईंना बोलवा. आणि हो, ठरवताना सासूबाईंना, आईला विचारून ठरवा. औषध त्यांचं आहे.