दीर्घकालीन अतिसार आणि तांबडा रंग

रायपूरमधील पंडरी हा भाग कापडबाजारासाठी प्रसिद्ध आहे. जिल्हा रुग्णालयही तेथेच आहे. अशा कोणत्याही जिल्हा रुग्णालयात अतिसाराचे रुग्ण नित्य येतात. क्षार-शर्करेचे द्रावण मिळाले की त्यांतील बहुतेक थोड्या दिवसांत बरे होतात आणि कारण शोधण्याची गरज सहसा पडत नाही. एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या बाबतीत मात्र द्रावण देऊन थांबणे धोक्याचे ठरते.

रक्तातील सीडी-४ पेशी दर घनमिलिमीटरला २०० च्या खाली गेल्या, की एरवी शरीर स्वतःच हुसकून लावते असे परजीवी आतड्यात ठाण मांडतात. महिना उलटला तरी जुलाब थांबत नाहीत आणि वजन झपाट्याने घटते. क्रिप्टोस्पोरिडियम, सिस्टोआयसोस्पोरा व सायक्लोस्पोरा हे त्यांतील प्रमुख होत. पहिल्याचे वर्णन टायझर यांनी १९०७ साली उंदरांवरून केले. माणसातील बाधेची नोंद १९७६ मध्ये झाली.

साध्या मलपरीक्षेत हे परजीवी सहज निसटतात. क्रिप्टोस्पोरिडियमच्या पुटी जेमतेम ४ ते ६ मायक्रॉनच्या असतात आणि यीस्टसारख्या भासतात. क्षयाचे जंतू ज्या तांबड्या रंगाने ओळखले जातात, त्याच कार्बोल फुक्सिनने काचपट्टी रंगवून सौम्य आम्लाने धुतली, तर या पुटी तांबड्या उठून दिसतात. सायक्लोस्पोराच्या पुटी ८ ते १० मायक्रॉनच्या, तर सिस्टोआयसोस्पोराच्या लांबट व त्याहून बऱ्याच मोठ्या असतात. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. सिस्टोआयसोस्पोरा व सायक्लोस्पोरा कोट्रायमोक्साझोल या स्वस्त औषधाने हटतात. क्रिप्टोस्पोरिडियमवर तसे खात्रीचे औषध नाही, तेथे एचआयव्हीविरोधी उपचारांनी प्रतिकारशक्ती सावरणे हाच मुख्य उपाय.

पुटी रोज पडतातच असे नाही. म्हणून वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने तपासावेत. मायक्रोस्पोरिडिया याहूनही सूक्ष्म असतात व त्यांना निराळे रंजन लागते. ताप आणि रक्त असेल तर जिवाणूंचे संवर्धन करावे. लोपिनाविरसारखे औषधच जुलाबांचे कारण नाही ना, हेही विचारावे. एवढे करूनही काही न सापडल्यास दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासावा लागतो.

चिठ्ठीवर नुसते ‘मलपरीक्षा’ लिहिले, तर तंत्रज्ञ हे रंजन बहुधा करीत नाही. रुग्णाची बाधा गुप्त ठेवण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे, आणि ते योग्यच आहे. पण त्यासाठी परीक्षा अर्धवट सोडण्याचे कारण नाही. रोगाचे नाव न लिहिता ‘आम्लस्थायी रंजन करावे’ एवढे तीन शब्द चिठ्ठीवर पुरतात.