लेकरासमोर बसा

आपल्या अमरावती-अकोल्याकडे शाळेतली चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्या दोन परीक्षा झाल्या, दहावीला वाढीव गुण मिळाले, की रंगपेटी माळ्यावर जाते. या परीक्षांत वस्तुचित्र असतं, स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं. समोर बसलेल्या माणसाचं व्यक्तिचित्र नसतं. म्हणून दहावीनंतर तुमचं लेकरू “मला तैलरंगात चेहरा रंगवायला शिकायचंय” म्हणालं, तर ते गुणांसाठी नाही, मनापासून म्हणतंय.

या शिक्षणाला वेळ लागतो, आणि त्याचं एक कारण रंगातच आहे. तैलरंग घोटतात ते बहुधा जवसाच्या तेलात. ज्याची चटणी आपण भाकरीसोबत खातो, तेच जवस. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरचे थर जास्त तेलाचे. हा क्रम चुकला तर पुढे चित्राला तडे जातात. तेव्हा रोज “झालं का?” विचारू नका. चेहरा मातकट दिसला तर चित्र बिघडलं असंही समजू नका. आधी तपकिरी रंगात छाया-प्रकाश बसवायचा, मग त्यावर कातडीचा रंग चढवायचा, ही जुनी रीत आहे.

एक काळजी मात्र तुम्ही घ्या. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात पडली, तर आपोआप तापून पेटू शकतात. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तर फारच जपायला हवं. ती मोकळ्या जागी पसरून वाळवा. रंगवताना खिडकी उघडी ठेवा.

गाडगेबाबांची, पंजाबरावांची तसबीर फोटोवरून करायला हरकत नाही. पण फोटोत सावली नुसती काळी होते; जिवंत चेहऱ्यावरच्या सावलीत निळसर, तांबूस छटा दिसतात. त्या पाहायला समोर माणूसच लागतो, आणि तासभर स्थिर बसणारा माणूस मुलांना मिळत नाही. सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर यांच्या जलरंगातल्या प्रसिद्ध चित्रात हातात दिवा घेऊन उभी आहे ती त्यांची लेकच. बापासाठी लेक उभी राहिली. लेकीसाठी बापाने बसायला काय हरकत आहे?

रविवारी खिडकीजवळ खुर्ची टाका, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि तासभर बसा. नाक वाकडं आलं तरी हसू नका. पुढच्या रविवारी पुन्हा बसा.