उपास चालू ठेवायचा का? बेथेलकरांचा प्रश्न

आजचे वाचन : जखऱ्या ७:१–१० आणि ८:१८–१९



यंदा एकाच आठवड्यात सगळ्यांचे उपास आले. रविवारी १५ फेब्रुवारीला महाशिवरात्र, बुधवारी १८ तारखेला आपला राखेचा बुधवार, आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजे. हसनाबादला, म्हणजे आमच्या भोकरदन तालुक्यातल्या गावी, आजीला फोन केला तर ती हसून म्हणाली, "सगळं गावच उपाशी हाय रे, चुलीला सुट्टी!"

तुमच्यापैकी अनेकांनी या लेंतमध्ये काही ना काही सोडलं असेल. कुणी मटण, कुणी इन्स्टाग्राम, कुणी रात्री उशिरापर्यंत वेबसिरीज बघणं. मी चहा सोडला. पुण्यात आयटीत काम करणाऱ्याने चहा सोडणं म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण याच लेंतमध्ये देवाने मला जखऱ्याचा सातवा अध्याय वाचायला लावला आणि माझ्या उपासाची चांगलीच झडती घेतली. तेच आज तुमच्यासमोर ठेवतोय.

प्रश्न काय होता?

दारयावेश राजाचं चौथं वर्ष. आपल्या कालगणनेने इसवी सनापूर्वी ५१८. बाबेलचा बंदिवास संपून लोक यरुशलेमेला परतले होते आणि मोडलेलं मंदिर पुन्हा बांधायला सुरुवात होऊन दोनेक वर्षं झाली होती. अशा वेळी काही माणसं याजकांकडे आणि संदेष्ट्यांकडे एक प्रश्न घेऊन येतात : इतकी वर्षं पाचव्या महिन्यात आम्ही रडत आलो, उपास करत आलो. तो पुढेही चालू ठेवायचा का?

पाचव्या महिन्याचा उपास कशाचा होता? त्या महिन्यात नबुखद्नेस्सराच्या सैन्याने मंदिर जाळलं होतं (२ राजे २५:८–९ वाचा). असे चार उपास होते. दहाव्या महिन्यात शहराला वेढा पडला, चौथ्या महिन्यात तट फुटला, पाचव्यात मंदिर जळलं, सातव्यात गदल्याचा खून झाला. प्रत्येक जखमेसाठी एक उपास. सुमारे सत्तर वर्षं लोकांनी ते पाळले.

आता परिस्थिती बदलली होती. मंदिर डोळ्यांसमोर उभं राहत होतं. मग जळलेल्या मंदिरासाठी अजून रडायचं की नाही? प्रश्न अगदी प्रामाणिक आहे. बदलाच्या काळातून जाणाऱ्या प्रत्येक मंडळीला तो पडतो. जुनी रीत ठेवायची की सोडायची?

आता एक गंमत बघा. हा प्रश्न घेऊन माणसं पाठवणारं गाव कोणतं? दुसऱ्या वचनात नाव आहे : बेथेल.

आपलं बेथेल

हे नाव वाचल्यावर जालन्याच्या माणसाचं मन कुठे जातं, ते जालन्याच्याच माणसाला कळेल. जालन्याजवळही एक बेथेल आहे. ते वसवलं रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी.

नवीन पिढीला हे नाव फारसं माहीत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सप्टेंबर १८४३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद हाही मिशनऱ्यांकडे राहायला आला होता. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान असल्याने मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केलं. पण घरी परत आल्यावर खरी अडचण सुरू झाली. मिशनऱ्यांच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं कसं? त्याला प्रायश्चित्त आहे की नाही? 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर मुलाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी सनातनी मंडळींचा रोष ओढवून घेतला. एका लहान मुलाने कुणाच्या पंगतीला बसायचं यावरून मुंबईतलं वातावरण ढवळून निघालं.

एक भाऊ इकडे, एक भाऊ तिकडे. मधे कोर्ट, शास्त्र आणि पंगत.

पुढे १८६० च्या दशकात नारायण शेषाद्री जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, लष्कराची छावणी असलेलं गाव. इथे त्यांच्याकडे आलेले लोक बहुतेक मांग आणि महार समाजातले होते, ज्यांना गावात कुणी पंगतीला बसवत नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर त्यांचं उरलंसुरलं कामही तुटे. या लोकांना राहायला, शेती करायला, शिकायला हक्काची जागा हवी म्हणून शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि गाव वसवलं. नाव ठेवलं बेथेल, म्हणजे देवाचं घर.

आणि आता लेंतची गोष्ट. शेषाद्री ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक होते, त्या परंपरेत लेंत पाळण्याची चालच नव्हती! स्कॉटिश सुधारणावाद्यांनी १५६० मध्येच पवित्र शास्त्रात आज्ञा नसलेले सण-उपास काढून टाकले होते. लेंत पाळायचे ते अँग्लिकन आणि कॅथलिक. तशी चाळीस दिवसांची प्रथा फार जुनी, ३२५ सालच्या निकाया परिषदेच्या नियमांतही या चाळीस दिवसांचा उल्लेख सापडतो. पण प्रत्येक मंडळीत ती सारखी नव्हती. मग २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, सगळे एका छताखाली. प्रत्येकाने आपलं काही सोडलं आणि दुसऱ्याचं काही घेतलं.

म्हणजे ज्या रीतीला आपण "आपल्या वाडवडिलांपासूनची" म्हणून भांडतो, ती कधी कधी वाडवडिलांनी शेजाऱ्याकडून प्रेमाने घेतलेली असते. हे मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

देवाचं उत्तर

बेथेलकरांना देवाने "हो" म्हटलं नाही आणि "नाही"ही म्हटलं नाही. त्याने उलट प्रश्न विचारला. वचन ५ आणि ६ सावकाश वाचा. भावार्थ असा : सत्तर वर्षं उपास केलात, रडलात, ते खरंच माझ्यासाठी होतं का? आणि खाता-पिता तेव्हा तरी कुणासाठी खाता-पिता? स्वतःसाठीच ना?

बघा, देवाने उपास आणि जेवण दोन्ही एकाच तराजूत घातलं. उपाशी राहणाराही स्वतःभोवती फिरत असू शकतो.

मग वचन ९ आणि १० मध्ये तो स्वतःला काय हवं ते सांगतो : खरा न्याय करा. एकमेकांवर दया करा. विधवा, अनाथ, परका आणि गरीब यांना छळू नका. आणि शेवटी, भावाविषयी मनात वाईट बाळगू नका.

मी इथे अडकलो. पहिल्या तिन्ही गोष्टींत मी स्वतःला पास करून घेतलं होतं. चौथीने पकडलं.

सतरावं घर

आमची हसनाबादची मंडळी लहान आहे. मोजून सतरा घरं. पाळकसाहेबांकडे आजूबाजूची आणखी गावं असतात, त्यामुळे उपासना कधी सकाळी, कधी दुपारी. पोरं सगळी बाहेर. कुणी जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यात, कुणी बियाण्याच्या कंपनीत, कुणी संभाजीनगर, कुणी माझ्यासारखं पुण्यात. पाच वर्षांपूर्वी मंडळीत वाद झाला. विषय म्हटला तर छोटा : ढोलकी-पेटीवर 'उपासना संगीत'मधलीच गीतं म्हणायची की कीबोर्ड लावून नवी गाणी? शब्दाने शब्द वाढला. माझे धाकटे काका उठले आणि दुसऱ्या सहभागितेत जायला लागले. त्या दिवशी त्यांना सगळ्यांत जास्त कोण बोललं असेल तर मी. "आपल्या वाडवडिलांची मंडळी सोडता?" असं मीच म्हणालो होतो. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. दिवाळीच्या सुट्टीत रस्त्यात दिसले तरी मी मोबाइलमध्ये बघायचो.

लेंतमध्ये आमच्याकडे दर शुक्रवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थना असते. बाहेरगावचे आम्ही व्हिडिओ कॉलवर जोडले जातो. सात शुक्रवारांत सगळी घरं बसवायची म्हणजे एका संध्याकाळी दोन-तीन घरं. त्याची यादी यंदा मीच टाइप करून ग्रुपवर टाकली.

आजीने कुणाकडून तरी ती वाचून घेतली आणि मला फोन केला.

"सोळाच घरं हायेत. सतरावं कुठंय?"

"आजी, काका आता आपल्या मंडळीत नाहीत ना."

"मंडळीत नसंल. घर तर हाय का नाही?"

मी गप्प. त्या रात्री जखऱ्या सात वाचला आणि दहावं वचन ओलांडता येईना. चहा सोडून मला दहा दिवस झाले होते. रोज सकाळी डोकं दुखायचं आणि मी मनात म्हणायचो, प्रभू, बघ, तुझ्यासाठी सोसतोय. आणि त्याच हातांनी मी एका घराचं नाव यादीतून वगळलं होतं. कुणाच्या लक्षातही येणार नाही असं.

पुढच्या शुक्रवारी सुट्टी काढून गावी गेलो. ठरलेल्या घरची प्रार्थना झाल्यावर आजी काठी टेकत उठली आणि सरळ काकांच्या घराकडे निघाली. मी मागोमाग. काकूने दार उघडलं. काका खाटेवर बसले होते, ते उठले, पण बोलले काही नाही. आम्ही बसलो. गीत कोणतं म्हणावं तेच कळेना, आमची गाणी वेगळी, त्यांची वेगळी. शेवटी आजीने डोळे मिटले आणि प्रभूने शिकवलेली प्रार्थना सुरू केली. ती सगळ्यांना पाठ होती. आमची आणि त्यांची एकच. "आमचे अपराध क्षमा कर" या जागी माझा आवाज बंद पडला. काका पुढे म्हणत राहिले.

मग मी म्हणालो, "काका, त्या दिवशी मी चुकलो. बोलायला नको होतं." काका बराच वेळ जमिनीकडे बघत होते. "मीबी कमी बोललो न्हाई," एवढंच म्हणाले.

काकूने चहा आणला. मी चहा सोडलाय, असं सांगायला तोंड उघडलं होतं. पण सहावं वचन आठवलं. तो कप मी प्यालो.

काका आमच्या मंडळीत परत येणार नाहीत. त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि आता मला त्यांना परत ओढायचंही नाही. पण निघताना त्यांनी विचारलं, "फुडच्या शुक्रवारी कुणाकडं हाय?" मी सांगितलं. आणि तिथेच, त्यांच्या ओट्यावर उभा राहून, यादीत सतरावं नाव टाकलं.

उपासाचा सण कधी होतो?

बेथेलकरांच्या प्रश्नाचं खरं उत्तर पुढच्या अध्यायात, ८:१९ मध्ये आहे. देव म्हणतो, तुमचे चारही उपास आनंदाचे सण होतील. म्हणून सत्य आणि शांती यांच्यावर प्रेम करा. रीत बदलेल, पण बदलणारा देव आहे, आणि तो जखमेच्या तारखेचाच सण करतो. आपण ख्रिस्ती लोक तर हे दर वर्षी जगतो : वधस्तंभाच्या शुक्रवारानंतर रविवार येतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात शेतकरी शेतातले फुटलेले बांध घालून घेतो. पाऊस आल्यावर बांध घालता येत नाही. लेंतचे दिवस मला तसे वाटतात. पुनरुत्थानाचा आनंद येण्याआधी कुठे बांध फुटलाय ते बघून घ्यायचे दिवस.

आज एवढं करा

१. तुमच्या 'यादी'तून तुम्ही कुणाचं नाव गुपचूप वगळलंय? नाव कागदावर लिहा. मत्तय ५:२३–२४ वाचा.

२. तुमच्या मंडळीत एखाद्या रीतीवरून वाद असेल, तर ती रीत मुळात कुठून आली ते एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा. गोष्ट ऐकली की आवाज आपोआप खाली येतो.

३. तुम्ही जे सोडलंय ते सोडूनच ठेवा. पण त्यातून वाचलेला वेळ किंवा पैसा १० व्या वचनातल्या चौघांपैकी एकाला द्या : विधवा, अनाथ, परका, गरीब.

४. मेसेज नको. फोन करा. जमलं तर जा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, आम्ही उपास धरला आणि त्याचा हिशोबही स्वतःच ठेवला. आम्हाला क्षमा कर. ज्याच्याकडे बघायचं आम्ही टाळतो, त्याच्या दारापर्यंत आम्हाला चालत ने. बोलायला शब्द नसतील तर तुझीच प्रार्थना आमच्या तोंडी दे. आमच्या लहान मंडळ्यांना, गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना आणि शहरात विखुरलेल्या लेकरांना एका पंगतीला बसव. आमचा उपास तुझा सण होऊ दे. आमेन.