आधी ती चूक आहे का ते बघ

सांगली

चि. सोनूस,


ओपन सोर्स प्रकल्पांच्या माहितीपानांतलं स्पेलिंग-व्याकरण तू सुधारून पाठवतोस, असं ताईकडून कळलं. काम चांगलं आहे. परवाची दुरुस्ती नाकारली म्हणून खट्टू झालास म्हणे. अरे, नाकारली तेच बरं झालं! 'रेफरर'च्या स्पेलिंगमध्ये मधला आर एकच दिसला, तू दुसरा घातलास. पण एचटीटीपीच्या 1996 सालच्या दस्तऐवजात ते नाव तसंच चुकीचं छापलं गेलं आणि आजही ब्राउझर सर्व्हरला आधीच्या पानाचा पत्ता त्याच नावाखाली पाठवतो. तुझं 'शुद्ध' उदाहरण कुणी कोडमध्ये उतरवलं असतं, तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं. युनिक्सच्या 'क्रिएट' या कॉललाही शेवटचा ई नाही. तेव्हा कोडमधल्या नावांना हात लावायचा नाही.

प्रकल्पाचे नियम सांगणारी कॉन्ट्रिब्यूटिंगची फाइल आधी वाचत जा. ब्रिटिश स्पेलिंग पाळणाऱ्यांना अमेरिकन करून दिलंस, तर त्यांच्या डोक्याला ताप. ऑक्टोबर 2020 मध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमाच्या टी-शर्टपायी लोकांनी रीडमीत उगाच एखादं विशेषण घुसडून पुल रिक्वेस्टांचा पाऊस पाडला. (आपल्याकडची पोरं त्यात मागे नव्हती.) प्रकल्प सांभाळणारे इतके वैतागले, की ज्यांची तयारी आहे त्याच प्रकल्पांतलं काम धरायचं, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला. पाठवण्याआधी एवढंच विचार : या चुकीने वाचणारा अडतो का? स्वल्पविराम महिनाभर थांबेल. 'ही फाइल पुसू नका' यातला 'नका'च राहून गेला असेल, तर मात्र हातातला घास टाकून ऊठ.

मराठी भाषांतरात शिरणार असलास, तर मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम जवळ ठेव. 1962 चे 14 आणि 1972 मध्ये भर पडलेले 4. पण खरी मेख नियमांत नाही, टंकण्यात आहे. 'दुसऱ्या'तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहितात : नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोधायला गेलास, की बऱ्याचदा एक सापडतो आणि दुसरा हुलकावणी देतो. जोडचिन्ह विसरलास, तर रफार चढून 'दुसर्या' उमटतं. म्हणून प्रकल्पात कुठली तऱ्हा चालते ते पाहून तीच पाळ. अर्धी फाइल एका तऱ्हेने, अर्धी दुसऱ्या, हे सगळ्यात वाईट.

आणि एका पुल रिक्वेस्टमध्ये एकाच जातीची दुरुस्ती. शब्द बदलता बदलता परिच्छेदही नव्याने मांडून ठेवलास, तर तपासणाऱ्याला कशाला होकार द्यावा तेच कळत नाही.

दिवाळीला लॅपटॉप घेऊन ये. विश्रामबागेत वालचंद कॉलेजची पहिल्या वर्षाची पोरं राहतात. दोघा-तिघांना घरी बोलावू आणि एखादं इन्स्टॉलेशनचं पान ओळीओळीने करायला लावू. तू मध्ये बोलायचं नाहीस. जिथे अडतील तिथे फक्त खूण कर, मग चहा झाल्यावर दुरुस्तीला बसू.

तुझा,
मामा